बाहेरची गाठ

“तू काही माझी आई नव्हेस, ताई…” उंबऱ्यावर बूट चढवता चढवता धाकटा एवढं बोलला आणि नौदलाच्या गाडीत जाऊन बसला. घडी केलेली त्याची बनियन ताईच्या हातातच राहिली!

नौदलात जाऊ नकोस म्हणून ती अडून बसली होती; धक्क्यावर निरोप द्यायलाही गेली नाही. ज्या समुद्राने वडील गिळले, त्याच्याच हवाली पोटच्या पोरासारखा वाढवलेला भाऊ कुठल्या मनाने करायचा? पण संध्याकाळी एकटीपुरतं ताट वाढताना घर खायला उठलं, आणि मग ते रोजचंच झालं.

वडील गेल्यावर तिला बंदरातल्या शेडमध्ये जहाजांची निशाणं शिवायचं काम मिळालं होतं. आलेली स्थळं तिने परतवली आणि आईविना पोरक्या धाकट्याला मशीनच्या पायाशी बसवून लहानाचा मोठा केला. तिथेच तो सुई धरायला शिकला. गाठ मात्र नेहमी कापडाच्या वरच्या अंगाला मारायचा. “अरे, गाठ आत लपवायची असते,” ती रागवायची. “मग तुला दिसणार कशी?” असं तो म्हणायचा, आणि शेडमधल्या साऱ्या बायका हसायच्या.

युद्ध सुरू झालं. जहाजांवरून येणारी सगळ्यांचीच पत्रं थांबली. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून जहाजांवरची बिनतारी यंत्रंही मुकी झाली. जहाज जहाजाशी बोले ते निशाणांनीच. वाऱ्याने फाटलेली निशाणं गठ्ठ्यांनी शेडमध्ये येत, शिवून झाली की आपापल्या जहाजावर परत जात. ताईने गोड सोडलं होतं. सकाळी देवापुढे हात जोडले की मागणं एकच… तो असू दे, माझ्याशी नाही बोलला तरी चालेल.

एका दुपारी गठ्ठ्यातलं निळं-पांढरं निशाण तिने मांडीवर पसरलं, आणि हात थबकला. कुणीतरी समुद्रावरच त्याला ठिगळ लावलं होतं. टाके वेडेवाकडे, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी गाठ… वरच्या अंगाला! तिने ते खारट वासाचं कापड छातीशी धरलं. आहे… माझं लेकरू आहे!

“अगं, उसव ते,” मुकादमबाई म्हणाल्या. “जहाजावरची कच्ची शिवण ठेवायची नाही. ऐन वेळी फाटलं तर खूण कळणार नाही, मागचं जहाज भरकटेल.”

तिला का ते ठाऊक नव्हतं? नव्या बायकांना हे तिनेच शिकवलं होतं. त्या जहाजांवर एकटा तिचाच भाऊ थोडाच होता! डोळ्यांतल्या पाण्याने टाका दिसेना, तरी तिने एकेक करून सगळे उसवले… इतक्या दिवसांनी त्याच्या हातचं जे काही तिच्यापर्यंत पोहोचलं होतं, ते आपल्याच हाताने! दोऱ्याचे तुकडे रुमालात बांधून तिने नवं ठिगळ धरलं, दाट, पक्क्या टाक्यांनी शिवलं. शेवटच्या टाक्याशी ती क्षणभर थांबली आणि जन्मात पहिल्यांदा तिने गाठ वरच्या अंगाला मारली.

मुकादमबाईंनी चष्मा सारखा केला. “तू, आणि गाठ बाहेर?”

“राहू द्या, बाई,” ताई हळूच म्हणाली. “त्याला दिसायला हवी.”