न शिजणारी डाळ

दुसऱ्या दिवशीही डाळ शिजली नाही. तनवीरने पळीतले चार दाणे बोटांत दाबून पाहिले. ते टणकच होते. त्याने पातेलं चुलीवरून उतरवायला सांगितलं. बाहेर वाट पाहून कंटाळलेलं गिऱ्हाईक तोवर निघून गेलं होतं.

मानोरा गावातल्या त्याच्या लहानशा कॅफेवर ‘चुलीवरचं वऱ्हाडी जेवण’ अशी पाटी होती. एरवी तिथे चहाच मिळे; जेवण दिवाळीपासून होळीपर्यंत. त्यासाठी स्वयंपाकाला बाई हवी असल्याचं त्याची पुतणी उजमा हिने शाळेत सांगितलं होतं, आणि सुट्टी लागताच तिची वर्गमैत्रीण अंजू आपल्या आईला, सुंदरबाईला, तांड्यावरून घेऊन आली होती. तीन दिवस काम पाहून मग ठरवायचं, असं तनवीरने सांगितलं होतं.

“भाकर तुमची एक नंबर हाय, बाई,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच अंजूला अधिक भीती वाटली. “पण वरणच नाही जमलं, त मी लोकायले खाऊ काय घालू? उद्याचा दिवस पाहतो.”

उद्या गुरुवार होता. शुक्रवारी ऊसतोडीचा ट्रक तांड्यावर येणार होता. काम मिळालं नाही तर सुंदरबाई नवऱ्याबरोबर त्यात बसणार होती. आणि घरी दुसरं कोणी नसल्यामुळे अंजूलाही जावं लागणार होतं. गेल्या वर्षी ती परतली तेव्हा सहावीची परीक्षा होऊन गेली होती.

मागच्या अंगणात उजमा आणि तिचा धाकटा भाऊ मुबश्शिर थांबले होते. डाळ जुनी असावी, असं उजमाचं मत पडलं.

“नाहीतर चाचूची पाटी वाचून डाळीले भेव वाटलं असंन,” मुबश्शिर म्हणाला. कोणीच हसलं नाही.

अंजूने कॅफेतलीच मूठभर कोरडी डाळ घरी नेली. तांड्यावरच्या चुलीवर ती नेहमीच्या वेळात लोण्यासारखी शिजली. म्हणजे डाळ चांगली होती आणि आईचा हातही. तिचे वडील हेमसिंग अंथरुणाची वळकटी बांधत होते. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं.

“इथं शिजते, तिथं शिजत नाही,” ते म्हणाले. “ट्रक काही थांबत नसते, बेटा.”

गुरुवारी सकाळी तिघा मुलांनी कॅफेतलं एकेक तपासलं. लाकूड कोरडं होतं, पातेलंही ठीक होतं. काजळीने माखलेले हात उजमा नळावर धुऊ लागली. पण साबण कितीही चोळला तरी फेस येईना. तोटीवर पांढरा थर साचला होता.

अंजू थबकली. ऊसतोडीच्या मुक्कामी बोरचं पाणी असंच होतं. तिथेही डाळ शिजत नसे. इथल्या पाण्याबद्दल सुंदरबाईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं आणि मोबाइलवरून नजर न काढता तनवीरने “नळाचंच” म्हणून सांगितलं होतं. ज्याच्याकडे काम मागायचं त्याला तेच पुन्हा कसं विचारायचं, म्हणून सुंदरबाईने विषय सोडून दिला होता.

मुबश्शिर टाकी पाहायला गच्चीवर चढला. टाकीला जोडलेली नळाची चावी बंद होती आणि एक काळा पाइप थेट मागच्या नव्या बोरपर्यंत गेला होता. तनवीर स्वतः जारचं पाणी पीत असे, म्हणून त्याला फरक कळला नव्हता.

“चाचूले सांगतो,” म्हणत तो निघालाच होता. अंजूने त्याला अडवलं.

“आपण बहाणे करून राह्यलो, असं वाटंन त्यायले. आधी दाखवू.”

उजमाने घरून नळाच्या पाण्याची कळशी आणली. सुंदरबाईला हे पटेना. मालकाला न विचारता असं काही करणं तिला चोरीसारखं वाटत होतं.

“याडी, एवढी बार माह्यं ऐक,” अंजू आईला म्हणाली.

दोन सारखी पातेली, तीच डाळ. दहा वाजता त्यांनी तनवीरला बोलावलं. त्याने दोन्हींतले दाणे दाबून पाहिले. दुसऱ्या पातेल्यातला दाणा बोटांत विरघळला.

“हे कोणं शिजवलं? अशी बाई भेटली त मी आजच ठेवतो.”

“मायनंच,” अंजू म्हणाली. “अन् पहिलंबी तिनंच. डाळ तीच हाय, चाचू. पहिल्यात पाणी तेवढं तुमच्या बोरचं हाय.”

आपल्याकडे नळाचंच पाणी आहे, असं तनवीर ठामपणे म्हणाला. मग तो गच्चीवर गेला. बऱ्याच वेळाने खाली आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. उन्हाळ्यात नळ आटल्यावर चावी त्यानेच बंद केली होती, ती पुन्हा उघडायची राहूनच गेली होती.

“तुमी विचारलं होतं, बाई. मी पाह्यलंच नाही,” तो म्हणाला. “होळीवरी काम तुमचं.” मग मुलांकडे वळून त्याने मान्य केलं की ती तिघं नसती तर त्याने इतका चांगला हात उगाच गमावला असता.

शुक्रवारी ट्रक आला. हेमसिंग या वर्षी चुलतभावाच्या सोबतीने निघाले होते. वर चढल्यावर त्यांनी सामानातून मोठं पातेलं काढलं आणि खाली अंजूच्या हातात दिलं.

“हे इथंच ठेव. मले एकट्याले लहान पुरते.” त्यांनी वळकटी बाजूला सरकवली. “पाण्यावरून ओळखलं तुमी. मले नसतं सुचलं.”

तेवढ्यात ट्रक सुरू झाला. पातेलं दोन्ही हातांनी धरलेलं असल्यामुळे तिला हात हलवता आला नाही.