काचेच्या डोळ्याचा फोटो

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, मला कुणाची मनधरणी करायची नाही.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. गुरुवार होता, दुपारचे तीन वाजले होते आणि एका मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी खचाखच भरली होती.

हे घडलं ते माझ्या धाकट्या मावशीसोबत.

मावशीचं काम डोळ्यांचे फोटो काढायचं. कुणाचं डोकं फुटतंय, कुणाचा रक्तदाब चढलाय... असे पेशंट पडद्याआडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसवायचे. हनुवटी टेकवायची, हिरव्या ठिपक्याकडे बघायला लावायचं. एक लख्ख झोत, की डोळ्याच्या आतला पडदा स्क्रीनवर हजर. नारिंगी गोल, त्यावर रक्तवाहिन्यांच्या फांद्या. अंगठ्याच्या ठशासारखं असतं ते. एकाचं जाळं दुसऱ्याशी जुळत नाही.

फोटो काढणाऱ्याने पेशंटला काही सांगायचं नाही, असा नियम. फोटो वरच्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणार, तो 'पाहिला' अशी नोंद करणार, मगच बेड मोकळा होणार.

डॉक्टर वेळेत बघायचा नाही. बेड अडकायचे. मग मोठ्या सिस्टर त्याच्याच पासवर्डने पंधरा-वीस फोटो एका दमात 'पाहिले' करून टाकायच्या. एकही न उघडता. सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

या मोठ्या सिस्टर म्हणजे मावशीची थोरली नणंद. तिनेच मावशीला तिथे चिकटवलं होतं. मावशी तिला ताई म्हणायची आणि तिच्या शब्दाबाहेर नव्हती.

त्या गुरुवारच्या तीन आठवडे आधी एक बाई एकटीच आली होती. कपडे शिवणारी, तिशीची. चार दिवस डोकं ठणकत होतं. मावशीने फोटो काढले. पहिला हलला, तो तिने बाजूला टाकला. पुढचे दोन आरशासारखे स्वच्छ.

आणि वाईट.

डोळ्याची नस जिथून आत येते, तो गोल सुजून वर आलेला. कडा विरघळलेल्या. शेजारी पेटत्या काडीसारखा रक्ताचा ओरखडा. मेंदूवर दाब असला की असं दिसतं. मावशी धावत ताईकडे गेली.

"ताई, हा फोटो आधी डॉक्टरला दाखवा."

"हो गं. टाकते वर. तू पुढचा घे."

ताईने वर टाकला नाही. बाकीच्या ढिगाबरोबर 'पाहिला' केला. बाई गोळ्या घेऊन घरी गेली. तिसऱ्या दिवशी तिला परत आणलं, तेव्हा तिच्या तोंडावरून चादर ओढलेली होती.

चौकशी बसली. ताईने सांगितलं, फोटोच धूसर होता. काढणारीने नीट काढला नाही.

मावशीने कॉम्प्युटर उघडला. स्वच्छ फोटो दोन्ही गायब. उरला होता तो फक्त हललेला.

ती ताईच्या घरी गेली. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ताई, ते फोटो कुठे गेले?"

"कुठले फोटो?"

"तुम्हाला माहितीये कुठले."

"हे बघ, माझी सव्वीस वर्षांची नोकरी आहे. तुझी दोन. तुला दुसरीकडे कुठेही लावून देईन. डोक्यात राख घालून घेऊ नकोस."

दोन दिवसांनी सुनावणी. मधला दिवस हा गुरुवार.

तीनच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ आले. रक्तदाब वाढलेला, पण तोंड सुरू. मावशीने डावा डोळा घेतला. ठीक. मग उजवा. झोत पडला. फोटो आला...

सुजलेला गोल. विरघळलेल्या कडा. पेटत्या काडीसारखा ओरखडा.

आणि तेच जाळं. फांदीन् फांदी तीच.

मावशीने मशीनमागून डोकं बाहेर काढलं.

"आजोबा, उजव्या डोळ्याला काही त्रास?"

म्हातारे हसले. "त्याला कसला त्रास? काचेचा आहे तो. बत्तीस वर्षं झाली. मला त्यातून काही दिसत नाही, तुम्हाला काय दिसलं?"

मावशीने त्यांना हनुवटी पुन्हा टेकवायला लावली.

पुन्हा काढला... तोच. पुन्हा... तोच.

आजूबाजूचे मॉनिटर वाजत होते, ट्रॉल्या फिरत होत्या. फक्त त्या पडद्याआड काहीच ऐकू येत नव्हतं. स्वतःचा श्वाससुद्धा नाही.

तिने ताईला बोलावलं. ताई स्क्रीनसमोर उभी राहिली. बराच वेळ.

समोर असं काही आलं तर माणूस विचारतो, हे काय आहे? ताईने विचारलं नाही. तिने माउस घेतला आणि एकेक करून तिन्ही फोटो पुसले.

"मशीन बिघडलंय," म्हणाली आणि निघून गेली.

सुनावणीत मात्र तिने आधीचंच सांगितलं, फोटो धूसर होता, काढणारीची चूक. मावशीला त्याच दिवशी घरी पाठवलं. ताई अजून तिथेच आहे, बढती घेऊन.

सात महिन्यांनी, एका सकाळी, ताई मावशीच्या दारात उभी. पाच-सहा किलोने उतरलेली. हातात फाईल.

"तीन ठिकाणी डोळे तपासले. तिन्हीकडे म्हणतात ताबडतोब भरती व्हा, मेंदूवर दाब आहे. मेंदूचा स्कॅन केला तर काहीच नाही. डोकंही दुखत नाही. तू बघ. तू ओळखशील. त्यांना सांग, हा डोळा माझा नाही."

मावशीने फोटो पाहिले. ओळखायला क्षणही लागला नाही.

"सांगते," ती म्हणाली. "आधी एक ओळ लिहून द्या. फोटो स्वच्छ होते आणि ते तुम्ही पुसले."

कागद-पेन समोर ठेवलं. ताई त्याकडे बघत बसली. मग फाईल उचलली, चपला घातल्या आणि गेली.

एक ओळ, हो. मेलेल्या बाईचा डोळा वागवेन, पण ती ओळ लिहिणार नाही, हा तिचा हिशोब. आपलं माणूस म्हणायचं ते हे.

मावशीच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. सुईत दोरा ओवता येत नाही. पण डोळ्यांच्या दवाखान्याच्या दारातून ती परत फिरते. मी एकदा चिडून म्हटलं, "तू का घाबरतेस? तिचा डोळा तुझ्यात कशाला दिसेल? तू तर धावत गेली होतीस."

तिने हातातली सुई खाली ठेवली.

"ताईकडे धावले. पण त्याआधी ती बाई माझ्याच पुढ्यात बसली होती. काही दिसलं का, असं विचारत होती मला..."

"मग?"

"मी म्हटलं, डॉक्टर सांगतील."