खडकीमाळावरची उतरण

खडकीमाळाची धावपट्टी दिसू लागली आणि शाल्मली कारखानीसच्या विमानातला लाल दिवा लागला. 'अंदाज' उतरू नका म्हणत होता.

सातपुड्यातल्या अशा गवताळ, चढउताराच्या पट्ट्यांवर छोट्या विमानांचे अपघात फार वाढले, तेव्हा प्रत्येक विमानात 'अंदाज' हे यंत्र बसवण्यात आलं. वारा, उतार, गवताचा ओलावा पाहून उतरावं की नाही, ते सांगे. प्रत्येक विमानाच्या उतरण्यातून ते शिके आणि शिकलेलं लगेच बाकीच्या विमानांना कळवी. तेव्हापासून अपघात जवळजवळ थांबले होते. वैमानिक त्याच्याशी वाद घालत नसत. शाल्मलीही घालत नसे.

पण खाली मोगीबाई होती. बाळंत झाल्यापासून तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. नाडी हाताला लागेनाशी झालीय, असं आरोग्यकेंद्रातली नर्स रमिला पावरा रेडिओवर सांगत होती. रस्ता दरडीखाली गेला होता आणि रक्त घेऊन निघालेलं ड्रोन वाऱ्याने कड्यावर आपटलं होतं. म्हणून डॉ. अन्वर तडवी स्वतःच रक्ताची पेटी मांडीवर घेऊन शाल्मलीच्या शेजारी बसले होते.

तिने त्यांच्यापासून काही लपवलं नाही. पट्टीच्या या टोकाला दरी आणि पलीकडच्या टोकाला डोंगर. एकदा दरी ओलांडायला घेतली की परत वळायला जागा नाही. आणि डोंगरावरून वारा खाली कोसळतोय.

"यंत्राच्या हिशेबाने तीनदा उतरलो तर एकदा पडू," ती म्हणाली.

"आणि तुमच्या?"

"माझाही हिशेब तोच आहे."

तडवींनी कमरेचा पट्टा आवळला. "उतरवा."

तिने यंत्राला बाजूला सारून विमान स्वतःच्या हातात घेतलं. दरीवर येताच कोणी खालून ओढावं तसं ते खचलं. इंजिन पूर्ण जोरात होतं, तरी नाक वर येईना. कड्याची धार समोर, अगदी डोळ्यांच्या रेषेत आली. तिला जे जे येत होतं ते सगळं करून झालं होतं.

तेवढ्यात वारा पडला. उगाच, काही कारण नसताना. विमान उचललं गेलं, चाकं धारेच्या जेमतेम आत गवतावर टेकली आणि घसरत घसरत डोंगराच्या पायथ्याशी थांबली.

डॉक्टर पेटी घेऊन धावत सुटले. शाल्मली बसूनच राहिली. तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. लाल दिवा हिरवा झाला होता. 'खडकीमाळ : उतरण्यास योग्य.'

क्षणभर तिला अर्थच लागला नाही. मग कळलं, तिचं उतरणं जमलं असं धरून यंत्राने ते बाकीच्या विमानांनाही कळवलं होतं. इतक्यात दरीपलीकडून दुसऱ्या इंजिनाचा आवाज आला. मोगीबाईला इस्पितळात न्यायला स्ट्रेचरचं विमान घेऊन निघालेला निनाद, नुकताच नोकरीला लागलेला. लाल दिव्यामुळे तो इतका वेळ लांब घिरट्या घालत होता.

तिने रेडिओवर त्याला वळायला सांगितलं.

"मॅडम, अंदाज हो म्हणतोय," तो शांतपणे म्हणाला. "आणि तुम्ही उतरलात ना?"

"मी नाही उतरले, निनाद. वारा पडला म्हणून वाचले. वळ."

विमान दरीच्या पलीकडच्या काठापर्यंत तसंच पुढे आलं. मग त्याचा एक पंख कलला आणि ते तिकडच्या कड्याला जवळजवळ घासून मागे फिरलं.

पेटीतल्या रक्ताने मोगीबाई वाचली. नंतर तपासणीसाठी 'अंदाज'चं काम पाहणारे अभियंता वर्टी आले, तेव्हा वारा तसाच असूनही खडकीमाळाचा दिवा अजून हिरवाच होता. आपलं उतरणं अपघात म्हणून नोंदवा, असं शाल्मलीने त्यांना सांगितलं. त्यांनी चाकं हलवून पाहिली, पंखांवरून हात फिरवला.

"विमान धड, तुम्ही धड, बाई घरी गेली," ते म्हणाले. "तुमचं म्हणणं मला पटतं. पण याला अपघात म्हणायचं, हे यंत्राला कशाच्या आधारावर शिकवू?"