न बोलावता यायचं असतं

"भिंतीच्या कानात काय सांगताय?"

मी दचकले. रोझेना गल्ली इतकी अरुंद आहे की हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती बोटांना लागतात. मागे कुणी येऊन उभं राहिलं, तर आधी त्याचा श्वासच ऐकू यावा. पण मी भिंतीला नाक लावून आणि डोळ्याला भिंग लावून उभी होते, त्यामुळे काहीच ऐकलं नव्हतं.

"सांगत नाहीये, बघतेय," मी म्हणाले. "या भेगेवर काचेची पट्टी चिकटवली आहे. भिंत जराशी जरी सरकली तरी काच तडकते."

"मग? तडकली?"

"नाही."

"म्हणजे काहीही घडलेलं नाही, हे बघायला तुम्ही पावसात उभ्या आहात."

"हो. तेच माझं काम आहे."

तो हसला. त्याचं हसू धुक्यातून होडी यावी तसं आलं... आधी डोळ्यांत काहीतरी हललं, मग बऱ्याच वेळाने ते ओठांपर्यंत पोहोचलं. त्याच्या हातात शहराचा नकाशा होता आणि तो भिजून लगदा झाला होता.

"मी हरवलोय," तो म्हणाला. "कृपा करून हसू नका. मी शाळेत भूगोल शिकवतो."

मी हसले. गल्लीत ते हसू दोनदा ऐकू आलं.

त्याचं नाव टानेल. हियुमा बेटावरचा एस्टोनियन. शाळेच्या छपराचं काम निघाल्यामुळे आठवडाभर सुट्टी मिळाली होती, म्हणून तो रीगा बघायला आला होता. आमचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. लाटविया आणि एस्टोनिया शेजारी खरे, पण एकाची भाषा दुसऱ्याला चिमण्यांच्या चिवचिवाटाइतकीच कळते.

मी त्याला चौकाकडचा रस्ता दाखवला. तो मान डोलावून निघाला आणि कोपऱ्यावर थांबला. थोडा वेळ तिथेच उभा राहिला, मग परत आला.

"पुढची भेग कुठे आहे?" त्याने विचारलं.

लोक रीगात येतात ते मनोरे आणि छपरांवरचे मांजरांचे पुतळे बघायला. टानेलने आमच्या भेगा बघितल्या. जुन्या वखारीच्या कमानीखालची, मठाच्या अंगणातली, आणि एका बेकरीच्या मागची, जिथे भिंत सकाळभर कोमट असते. मी भिंग लावायचे, तो माझ्यावर छत्री धरायचा. छत्री छोटी होती. त्याचा डावा खांदा रोज भिजायचा, आणि तो कधी बाजू बदलायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कालव्याकाठी बाकावर बसून खारं मांस भरलेल्या गरम पिरागी खात होतो. लिंडेनच्या झाडांची पिवळी पानं पाण्यावर संथ फिरत होती.

"एक विचारू? रागावणार नाहीस ना?" तो म्हणाला.

"विचारून तर बघ."

"आमच्याकडे लहानपणापासून सांगतात, की लाटवियन माणसाच्या पायाला सहा बोटं असतात."

"असं? आणि आमच्याकडे सांगतात, की एस्टोनियन माणसाला सकाळी विनोद सांगितला, तर तो रात्री जेवताना हसतो."

टानेल गप्प झाला. एक बदक पोहत पुलाखालून पलीकडे गेलं.

"हे खरं नाही," अखेर तो म्हणाला. आणि मग आपण किती वेळ घेतला हे लक्षात येऊन इतका हसला, की हातातली पिरागी पाण्यात पडली.

"बूट काढून दाखवू का? मोजून घे," मी म्हणाले.

"नको." त्याने माझ्या बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सगळं एकदम जाणून घ्यायचं नाहीये मला."

मी पाण्याकडे बघत राहिले. गाल गरम झाले होते... थंडी चांगलीच होती तरीसुद्धा.

त्याच दुपारी त्याने आपल्या बेटाबद्दल सांगितलं. तिथे म्हणे शेजाऱ्याकडे जायचं झालं तरी आदल्या दिवशी फोन करतात. "न बोलावता आलेल्या माणसाला दार उघडतात," तो म्हणाला, "पण खुर्ची देत नाहीत. मी आयुष्यात कधी न बोलावता कुणाकडे गेलो नाही."

तो सहज बोलून गेला. मी मात्र खाता खाता थांबले.

कारण दोन दिवसांनी माझा नावदिवस होता. आमच्याकडे कॅलेंडरात रोजच्या तारखेखाली नावं छापलेली असतात. आपलं नाव ज्या दिवशी येतं, त्या दिवशी घर उघडं ठेवायचं. केशर घालून वेढ्याचा गोड पाव भाजायचा, कॉफी तयार ठेवायची आणि वाट बघायची. वाढदिवसाला लोकांना बोलावतात, नावदिवसाला बोलवायचं नसतं. ज्याच्या मनात आपण असू, तो येतो. बोलावणं केलं, तर ते प्रेम मागून घेतल्यासारखं होतं.

नावदिवसाच्या आदल्या संध्याकाळी टानेल मला घरापर्यंत सोडायला आला. आम्ही दौगावा नदीवरचा पूल चालत ओलांडला. वारा इतका होता की बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून बोललोच नाही. वाऱ्याने माझा स्कार्फ दोनदा त्याच्या तोंडावर उडवला, आणि दोन्ही वेळा त्याने तो सोडवायला जरा उशीरच केला. नदीपलीकडे लाकडी घरांची वस्ती आहे, तिथे मी वेल्तामावशीजवळ राहते. फाटकापाशी आम्ही थांबलो.

"उद्या मी कामावर नाही," मी म्हणाले. याच्यापुढे एक शब्दही बोलायची मला मुभा नव्हती. "घरीच असेन... दिवसभर."

त्याचा चेहरा काळजीने उतरला. "बरं नाहीये का?"

"बरं आहे."

"मग ठीक." तो फाटकाची ओली कडी बोटाने पुसत राहिला. "उद्या संध्याकाळी सातची बस आहे माझी."

"हं... मग नीट जा."

"हो."

तो गेला. कोपऱ्यावर थांबला नाही.

आत मावशी कणीक मळत होती. "बोलावलंस त्याला?"

"मावशी, नावदिवसाला कुणी बोलावतं का?"

"आपल्या माणसाला नाही बोलावत गं. एस्टोनियनला बोलवावं लागतं. आधी सांगायचं, मग आठवण करायची, मग हाताला धरून आणायचं!"

"त्याला यायचं असेल तर येईल."

"आणि नाही आला तर?"

मी बाह्या सरसावून कणकेला हात लावला. तो पाहुणा होता, शहर बघायला आला होता. शहर बघून झालं की पाहुणे जातात. मी त्याला बोलावलं असतं, तर तो सभ्य माणूस आलाही असता. पण मग त्याच्या मनात काय होतं, ते मला कधीच कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून लोक यायला लागले. मावसभाऊ आले, माझ्या कचेरीतल्या दोघी आल्या, शाळेतल्या माझ्या जुन्या बाई आल्या. दाराची घंटा वाजली की मी हातातलं टाकून धावायचे आणि दार उघडून तोंडभर हसायचे. प्रत्येक वेळी हसताना जरा जास्त प्रयत्न करावा लागायचा. घर वेलदोडा, केशर आणि ओल्या कोटांच्या वासाने भरून गेलं. पाच वाजले, मग सहा. सातला मी मुद्दाम कपबशा विसळायला गेले, म्हणजे घड्याळाकडे पाठ राहील.

मावशी खिडकीशी उभी होती. "काय गं, तुझा तो उंच आहे का?"

"मावशी, पुरे ना आता."

"नाही, म्हणजे समोर चेस्टनटच्या झाडाखाली एकजण मघापासून उभा आहे. मला वाटलं ट्रामची वाट बघतोय. पण तीन ट्राम गेल्या."

माझ्या हातातून बशी निसटून पाण्यात बुडाली.

"सावकाश जा," मावशी मागून ओरडली. "तो रस्ता ओलांडेपर्यंत नाताळ येईल!"

मी कोट न घालताच बाहेर पडले. भुरभुर पाऊस चालू होता आणि रस्त्यावरच्या दिव्यांभोवती पिवळी धूळ उडावी तसा दिसत होता. मला बघून टानेल रस्ता ओलांडून आला आणि फाटकाच्या पलीकडे थांबला. हातात जांभळ्या ॲस्टरचा गुच्छ होता. केसांतून पाणी ठिबकत होतं.

"बस?" मी विचारलं.

"गेली."

"कधी?"

"मी विचार करत होतो तेव्हा."

मला हसू आलं, आणि त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. मधे फाटक होतं.

"सकाळी फुलवालीच्या पाटीवर खडूने तुझं नाव लिहिलेलं दिसलं," तो म्हणाला. "मी तिला विचारलं. ती म्हणाली, आज या नावाचा नावदिवस आहे, जा की, बोलावणं लागत नाही. मी तीनदा इथपर्यंत आलो, अग्रिता. एकदा कडीला हातही लावला. पण वाटलं... ती तर काही बोलली नाही. तिला मी हवा असतो, तर बोलली नसती का?"

"मला बोलता येत नव्हतं. बोलवायचं नसतं."

"आणि मला न बोलावता आत येता येत नाही."

"पण बस सोडता येते?"

त्याने यावर विचार केला. एक चेस्टनट टपकन आमच्यामधल्या दगडावर पडला आणि घरंगळत गेला.

"बस सोडताना काहीच वाटलं नाही," तो जरा नवलाने म्हणाला. "तू घरात होतीस आणि मी बाहेर, एवढंच वाटत होतं."

मी फाटक उघडलं. लहानपणापासूनची सगळी शिकवण जिभेवर जड होऊन बसली होती. तो इथवर न बोलावता आला होता, त्याच्या परीने ते एक अख्खा समुद्र पोहून येण्यासारखं होतं. उरलेलं पाऊल माझ्याकडचं होतं.

"टानेल," मी म्हणाले, "आत ये."

नावदिवसाला मी पहिल्यांदाच कुणाला बोलावलं होतं. मागितल्यासारखं मुळीच वाटलं नाही. हलकं वाटलं.

तो आत आला. फुलं आमच्या दोघांच्या मधे चेपली गेली. त्याच्या कोटाला पावसाचा वास येत होता, आणि कोटाच्या आत त्याचं काळीज चांगलंच घाईत होतं.

"अरे, त्या फुलांचा तरी विचार करा!" खिडकीतून मावशीचा आवाज आला.

"दरवर्षी असंच बोलवावं लागणार का तुला?" मी त्याच्या खांद्यात तोंड लपवून विचारलं.

या वेळी त्याने क्षणभरही विचार केला नाही.

"नाही," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी घंटा वाजली की दार मी उघडेन."