लाराल्देच्या पेशी

पाऊस लागला की मोंतेविदेओत माणूस आधी तोर्ता, म्हणजे मैद्याच्या जाड पुऱ्या, तळणारी गाडी शोधतो, आडोसा नंतर. मीही विद्यापीठाच्या फाटकाजवळ तशाच एका गाडीच्या ताडपत्रीखाली उभी होते, एका उंच अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून... दुसरीकडे जागाच नव्हती ना! हातात गरम तोर्ता आणि डोक्यात राग.

"साखर घालू?" गाडीवाल्या नेल्लीबाईंनी विचारलं.

"घाला. काहीतरी गोड असू दे. त्या लाराल्देनं नाकी नऊ आणलेत माझ्या!"

"नवरा का?" शेजारचा हळूच म्हणाला.

"नवरा असता तर कधीच सोडला असता!" मी फणकारले. "कॅन्सरवरचा शोधनिबंध आहे त्याचा. म्हणे, एक प्रथिन बंद केलं की स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी पसरायच्या थांबतात. अख्खं जग त्याचा दाखला देतं. माझी पीएचडी त्याच्यावरच उभी आहे... आणि माझ्या पेशी? खुशाल पसरतायत!"

"हात चुकत असेल तुमचा."

"सगळे तेच म्हणतात. तुम्ही कोण एवढे लागून गेलात?"

त्यानं बोटांवरची साखर झटकली. कान लाल झाले होते. "मी... गास्तोन लाराल्दे."

नेल्लीबाई हसून हसून तळणीत पडायच्याच बाकी होत्या. मला मात्र धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

पण तो चिडला नाही. "उद्या या," म्हणाला. "माझ्याकडच्या मूळ पेशी देतो. डीएनए तपासून त्यांची ओळखपरेड करून घ्या."

कुपी न्यायला एकदाच जायचं होतं. मी रोज जाऊ लागले. तो माते चहाची वाटी पुढे करायचा, बोटांना बोटं लागायची, आणि दोघंही खिडकीबाहेर बघायचो. एवढा नावाजलेला माणूस, पण विद्यार्थ्यांना आधी त्यांच्या फसलेल्या प्रयोगांबद्दल विचारायचा, घरच्या आजाऱ्याची चौकशी करावी तसा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

मग निकाल आला. त्यानं दिलेल्या पेशी स्तनाच्या नव्हत्याच. त्वचेच्या कॅन्सरच्या होत्या. फार वर्षांपूर्वी त्याच्या गुरूंच्या प्रयोगशाळेतून आलेल्या, आणि विश्वासापोटी कुणी कधी तपासल्याच नव्हत्या. पुढच्याच महिन्यात त्याच्या प्राध्यापकपदाची निवड होती, तीही याच निबंधाच्या जोरावर. निकालाचा कागद घेऊन मी त्याच्या खोलीचा जिना चढले.

"चेहरा का उतरलाय, नोएलिया?"

"गास्तोन... त्या पेशी त्वचेच्या आहेत."

त्यानं वाटी खाली ठेवली आणि माझ्या हातातला कागद घेऊन वाचला. मग म्हणाला, "म्हणजे तुझा हात चुकत नव्हता."

पहिलं वाक्य हे! मी तिथेच त्याच्या प्रेमात पडले, आणि प्रेमात पडल्याबरोबर स्वार्थी झाले.

"निवड होऊ दे ना आधी. मग सांग सगळ्यांना."

"आणि तोवर कुठेतरी आणखी एखादी नोएलिया स्वतःला दोष देत बसेल, त्याचं काय?"

त्याच दुपारी त्यानं निबंध मागे घेतला. ज्यांनी ज्यांनी दाखला दिला होता, त्या सगळ्यांना स्वतः कळवलं. कोर्दोबाहून, लिमाहून उत्तरं आली... आम्हालाही जमत नव्हतं, बोलायची लाज वाटत होती. रेसिफेच्या एका मुलीनं लिहिलं, 'मी संशोधन सोडणार होते. आता नाही सोडत.' तो मेल त्यानं मला दोनदा वाचून दाखवला.

पद दुसऱ्याला मिळालं. त्या संध्याकाळी आम्ही समुद्राकाठच्या कठड्यावर बसलो होतो. वारा असा, की माझे केस सारखे त्याच्या तोंडावर.

"संपलं," तो म्हणाला. "आता दाखला द्यावा असं माझ्या नावावर काही उरलं नाही."

"खरं काय घडलं, ते लिहू की! आपण दोघं."

"पहिलं नाव तुझं. काम तुझं आहे. शेवटचं माझं."

"आणि मधे?"

त्यानं माझे केस हळूच कानामागे सारले. "मधे कुणी नको... मला तू हवी आहेस, नोएलिया. निबंध झाला नाही तरी."

इतकी वर्षं मी पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवला नव्हता. त्या दिवशी मात्र कुणाच्याही दाखल्याची वाट न बघता मी त्याला जवळ ओढलं.