आट्यांची लेन्स

समोरच्या बेकरीतला तो पहिल्यांदा मामांच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात आला, तो त्यांची बेकरीत विसरलेली छत्री परत करायला. कोपरांना पीठ, केसांत पीठ... आणि नजर मात्र कपाटातल्या लेन्सवर. निदान काउंटरवर बसलेल्या भाचीला तरी तसंच वाटलं.

“हे आकडे कसले हो?”

“८५ म्हणजे साधारण किती लांबून चेहरा टिपायचा ते. आकडा मोठा, तर लांब उभं राहायचं. लहान, तर जवळ जायचं. शेजारचा १.८ उजेडाचा. तो जितका लहान, तितका उजेड जास्त.”

“सगळं उलटंच की!”

“आणि हे माउंट. म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला कशी बसते ते. काही आट्यांच्या, म्हणजे स्क्रूसारख्या, काही फिरवून खटकन बसणाऱ्या. एका प्रकारची लेन्स दुसऱ्या प्रकारच्या कॅमेऱ्याला चालत नाही.”

दुसऱ्या दिवशी स्वारी कॅमेरा घेऊन हजर. फिरवून बसणाऱ्या माउंटचा.

“भाड्याने एक लेन्स हवी. एका व्यक्तीचा फोटो काढायचाय... पण मी बेकरीत, आणि ती रस्त्याच्या पलीकडे असते.”

शेजारच्या दुकानातली फुलवाली! भाचीने लगेच ताडलं. तिने दोनशे आकड्याची लेन्स दिली.

पुढच्या खेपेला त्याने मागितली एकशे पस्तीसची. “आता दारापर्यंत मजल गेलीये.” मग पंच्याऐंशीची. “आता आत जाऊन चार शब्द बोलतो.” प्रत्येक वेळी तो तासभर थांबे, आधी दाराशी, मग खुर्चीत; तिला हसवे, आणि लेन्सची डबी घेऊन निघून जाई. तिला तो आवडायला लागला होता, चांगलाच आवडायला लागला होता. आणि ती मात्र आपल्याच हाताने लेन्स देऊन त्याला फुलवालीच्या जवळ ढकलत होती. याला म्हणतात आपल्याच पायावर धोंडा!

“आता पन्नासची द्या,” एके दिवशी तो हळूच म्हणाला. “हल्ली मी तिच्या अगदी समोर उभा असतो.”

“वा! अभिनंदन!” तिने कपाटातली हाताला लागली ती डबी काढून त्याच्यापुढे आपटली.

आठवड्याने तो डबी परत घेऊन आला.

“कसे आले फोटो?”

“झकास! डोळे तर... काय सांगू तुम्हाला!”

नेहमीसारखी तपासायला तिने लेन्सची मागची टोपी काढली आणि गारच पडली. आटे! रागाच्या भरात आपण भलतीच लेन्स दिली होती. माफी मागायला तिने तोंड उघडलं... आणि मिटलं.

“ही तुमच्या कॅमेऱ्याला बसली कशी?”

“बसली ना... जरा जोर लावला—”

“जोर लावून बसत नाही.”

त्याचे कान लालबुंद झाले. आतून मामांचा आवाज आला, “अगं, एक तरी डबी उघडली का, ते विचार त्याला! सदऱ्यावर अख्खी गिरणी घेऊन फिरतो, आणि लेन्सवर पिठाचा कण नाही!”

“नाही उघडली,” तो म्हणाला. “इथे यायला काहीतरी कारण हवं होतं. पहिल्यांदा मी रस्त्यापलीकडेच होतो ना... मग दारात. मग त्या खुर्चीत. मग इथे.”

इथे म्हणजे काउंटरपाशी. तिच्या अगदी समोर.

“आणि फुलवाली?”

“कोण फुलवाली?”

तिला हसू आवरेना. डोळे भरून आले तरी ती हसतच होती. तिने पस्तीसची लेन्स काढली, आणि या वेळी माउंट दोनदा तपासलं.

“कॅमेरा घेऊन या. पण आधीच सांगते, हिला आणखी जवळ यावं लागतं.”