बासष्टावा खेळाडू

समता हिवराळेने अश्वजितला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिने त्याचा मोबाइल जप्त केला.

चूक तशी तिची नव्हती. जानेवारीतली सकाळ होती. मलकापूरच्या कॉलेजात ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला वनस्पतिशास्त्र शिकवत होती, आणि शेवटच्या बाकावर निळ्या स्वेटरातला एक जण मान खाली घालून मोबाइलवर बोटं चालवत होता. समता खडूसकट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"द्या."

त्याने वर पाहिलं. डोळे हसरे होते. तिला ते मुळीच आवडलं नाही.

"मॅडम, मी—"

"मी-बी काही नाही. पालकाले घेऊन या, मग मोबाइल न्या."

"पालक सोनाळ्याले राह्यतात मॅडम. लय दूर पडते…"

"ते आधी समजाले पाह्यजे होतं."

वर्गात खसखस पिकली. त्याने निमूटपणे मोबाइल तिच्या हातात ठेवला आणि तास संपेपर्यंत हाताची घडी घालून, अगदी शहाण्या मुलासारखा बसून राहिला.

स्टाफरूममध्ये विभागप्रमुख वामनराव सरांनी ओळख करून दिली. "हे अश्वजित वानखडे. आपले नवीन सर. तुमचा तास पाह्यले मीच पाठवलं होतं."

समताची कानशिलं तापली. तो मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मॅडम, पालक पुढच्या आठवड्यात येतील. तवरोक उसना मिळते का?"

तिने मोबाइल दिला. हसली मात्र नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच, कारण पुढचं वाक्य वामनराव सरांचं होतं.

"जूनपासून विभागात एकच जागा राह्यणार. पोरायचा अभिप्राय पाहू. ज्याचा चांगला, त्याची नेमणूक."

दोघंही तासिका तत्त्वावरचे. जितके तास तितकीच नोकरी, आणि दर वर्षी नेमणूक नव्याने. एक सर मध्येच सोडून गेले म्हणून अश्वजित आला होता. समता मात्र सहा वर्षं पिंपळगाव राजाहून एसटीने येत होती. हे कॉलेज, ही प्रयोगशाळा, काचेच्या बरण्यांमधली ती पिवळी पडलेली मुळं तिला घरच्यासारखी होती. ती जागा आता एका निळ्या स्वेटरवाल्याशी वाटून घ्यायची नव्हती, त्याच्याकडून राखायची होती.

आठवडाभरातच शेजारच्या वर्गातून आरडाओरडा ऐकू येऊ लागला. समता धावत गेली. तिला वाटलं, मारामारी झाली. खिडकीतून पाहते तर पोरं बाकांवरून अर्धी उठलेली, हातात मोबाइल, आणि अश्वजित फळ्यापाशी उभा राहून विचारतोय, "बोला, मुळानं पाणी वर कसं चढते? दहा सेकंद!" फळ्यावर एक आकडा लिहिलेला. तो मोबाइलमध्ये टाकला की खेळात शिरायचं, स्वतःचं नाव न देता, टोपणनावाने. 'दादाची बुलेट', 'मलकापूर एक्स्प्रेस', 'झोपाळू कांदा' असली नावं पडद्यावर वरखाली पळत होती.

"हे शिकवणं हाय का जत्रा?" तिने तास सुटल्यावर विचारलं.

"जत्रेत मॅडम, कोणीच झोपत नाही," तो म्हणाला.

बोलणं गोड होतं. आणि गोड बोलणाऱ्यांचा समताला चांगलाच अनुभव होता. दोन वर्षांपूर्वी असाच एक गोडबोल्या सहकारी तिच्या नोट्स 'फक्त वाचायला' म्हणून घेऊन गेला आणि स्वतःच्या नावाने छापून मोकळा झाला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. समता तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली होती. पोरांना खेळ द्यायचा, हसवायचं, आणि मार्चमध्ये भरघोस अभिप्राय घेऊन जागा खिशात घालायची! पाणी कुठं मुरतंय ते तिला स्पष्ट दिसत होतं.

दिसत होतं, तरी पुरावा हवा होता. पुढच्या तासाला तिने खिडकीतून फळ्यावरचा आकडा टिपला, प्रयोगशाळेचं दार लावलं, आणि 'तुरीची शेंग' या नावाने खेळात शिरली.

ठरवलं होतं की दोन-चार उत्तरं मुद्दाम चुकवायची, म्हणजे कुणाला संशय यायला नको. पण सहा वर्षं शिकवलेला विषय! चुकीच्या उत्तरावर बोट जाईचना. तुरीची शेंग पहिली आली, आणि बंद प्रयोगशाळेत समता मॅडमनी चक्क मूठ वळून हवेत उंचावली.

खेळ संपल्यावर प्रत्येक खेळाडूला सरांकडून दोन ओळी यायच्या. तुरीच्या शेंगेला आल्या त्या अशा: "उत्तरं सगळी बरोबर. पण तुम्ही प्रश्न पुरता वाचायच्या आधीच उत्तर देता. हरायची भीती वाटते का?"

समताने मोबाइल उलटा ठेवला. मग सुलटा केला. सहा वर्षांत तिला असं कुणी काही विचारलंच नव्हतं. तिने लिहिलं, "भीती नाही. सवय."

पुढच्या आठवड्यात उत्तर आलं: "सवयीमागं भीतीच असते बहुतेक. मलाही आहे. पोरं हसली नाहीत तर काय, याची."

हा माणूस गोड होता की खरा? की खरेपणाचाही नुसता आव आणत होता? ती दर गुरुवारी खेळायची, पुरावा शोधायला. निदान ती स्वतःला तसं सांगायची.

फेब्रुवारीत अश्वजितने तिच्यापुढे प्रस्ताव ठेवला. "तुमच्या तासाले बी अभिप्राय घेऊन पाहा ना. पोरं टोपणनावानं लिहितात. खरं नाव यंत्रात राह्यतच नाही."

"आणि टोपणनाव?"

"ते फक्त मले दिसते."

"हं…" समताने त्या 'फक्त मले'ची मनात नोंद केली. पण नाही म्हटलं तर घाबरली असं दिसलं असतं.

अभिप्राय आले. बहुतेक बरे होते. एक मात्र खुपला: "मॅडम शिकवतात भारी. पण चुकलं की अशा पाहतात, की पुन्हा हात वर करावासा वाटत नाही."

ती तडक त्याच्याकडे गेली. "हे तुमी लिहिलं!"

"मी? काऊन लिहीन?"

"जागेसाठी!"

त्याचा चेहरा उतरला. वाद मात्र त्याने घातला नाही. "उद्या एखादीले चुकू देऊन पाहा मॅडम. मग सांगा कोणी लिहिलं ते."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरच्या सुवर्णाला तिने प्रश्न विचारला. पोरगी चुकली. समताने प्रयत्नपूर्वक डोळे मऊ केले आणि म्हणाली, "अर्धं बरोबर हाय. उरलेलं दोघी मिळून काढू." सुवर्णाने श्वास सोडलेला सगळ्या वर्गाला ऐकू गेला. वर्षभरात एकदाही न बोललेल्या त्या पोरीने त्या तासाला तीन प्रश्न विचारले.

माफी मागायला समता बाहेर आली, तर तो व्हरांड्यात उभा होता. पलीकडच्या जिनिंगमधून कापसाचे पुंजके उडत होते.

"मॅडम, तुमच्या केसात…"

"काय?"

"कापूस. थांबा—" त्याचा हात वर आला आणि अर्ध्यातच थांबला. "नाही, तुमीच काढा. मी काढला तर तुमाले शंका येईन."

तिने केस चाचपले. भलतीकडेच. तो बोट दाखवत राहिला, "इकडं… जरा वर…" आणि ती मुद्दाम चुकत राहिली. हो, मुद्दाम! त्या चुकीतलं सुख इतकं भलतं होतं की ती घाबरली. माफी मागायची राहून गेली. एसटीत बसल्यावर तिने स्वतःला बजावलं की असंच होतं. आधी कापूस, मग नोट्स, मग जागा. याचा एकदा सोक्षमोक्ष लावायचाच.

मार्चमध्ये पूर्ण विभागाचा अभिप्राय अश्वजितच्याच पद्धतीने घेतला गेला. टोपणनावं वगळून त्याचे छापील कागद वामनराव सरांकडे जाणार होते. समताने सापळा लावला. तुरीच्या शेंगेने लिहिलं: "विभागप्रमुख सर हजेरी घेण्यात वीस मिनिटं घालवतात. उरलेला वेळ जुनी वही वाचून दाखवतात." मुद्दा खरा होता, पण लिहिला होता आमिष म्हणून. अश्वजित चुगलखोर असेल, तर टोपणनाव सरांपर्यंत पोचेल. मग कळेलच.

चार दिवसांनी कळलं. प्रयोगशाळेला लागूनच सरांची खोली होती आणि दार उघडं होतं.

"कोण हाय हा?" वामनराव सर कागद आपटत होते. "वीस मिनिटं म्हणते! नाव सांगा."

"खरं नाव नसते सर त्यात."

"मग खोटं सांगा! तुमाले दिसते ना? पोरं धरून विचारतो एकेकाले."

"दिसते सर. सांगणार नाही. लिहा म्हणताना शब्द दिला होता मी."

"वानखडे, नाव सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. अनुभवाचा दाखला बी भेटणार नाही."

मग त्याचा आवाज, खालचा पण स्वच्छ. "बरं सर. पुस्तकं आज जमा करतो."

समताच्या हातातली बरणी टेबलावर आदळली. हाच तो पुरावा, जो ती तीन महिने शोधत होती, आणि तो नेमका उलट्या बाजूचा निघाला. गप्प बसलं तर जागा तिची. कुणाला कधी कळणारही नाही. सहा वर्षांची एसटी, आईचं रोजचं 'यंदा पक्कं होईन का गं', सगळं एका गप्प बसण्यात पदरात पडणार होतं. तिला स्वतःचा असा काही तिटकारा आला, की पाय आपोआपच दाराकडे वळले.

"सर, ते मी लिहिलं."

वामनराव सरांचा चष्मा नाकावरून घसरला. "तुमी? सहा वर्षं माझ्यासमोर चहा पेता, तवा तोंडावर नाही सांगता आलं?"

"नाही आलं सर. जागेची भीती वाटे. तुमी बी कधी विचारलं नाही."

सरांनी चष्मा वर सरकवला आणि तो कागद पुन्हा एकदा वाचला. मग हात झटकून म्हणाले, "निघा दोघं बी. मले विचार करू द्या."

दुसऱ्या दिवशी दोघांपैकी कुणालाच येऊ नका असा निरोप आला नाही. वामनराव सरांनी हजेरी सहा मिनिटांत उरकली. वही मात्र तीच होती.

संध्याकाळी बसस्टँडवर अश्वजित तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"तुमाले माहीत होतं," ती म्हणाली. "तुरीची शेंग मी हाय म्हणून."

"पहिल्या दिवसापासून. वर्गात एकसष्ट होते, खेळात बासष्ट. आणि बासष्टावा खेळाडू दर वेळी पहिला! अशी पोरं आपल्या कॉलेजात हायेत कुठं?"

"मग बोलले काऊन नाही?"

"बोललो असतो तर तुमी खेळणं सोडलं असतं. मी तर गुरुवारचीच वाट पाहे."

ती त्याच्याकडे बघायचं टाळत होती. "मी तुमच्यासाठी सापळा लावला होता. जागेवरून."

"माहीत हाय." त्याने बॅगेतून एक घडी केलेला कागद काढला. "पण त्या जागेत मी नव्हतोच. जूनसाठी माझं नाव धरू नका, असं ऑफिसात लिहून दिलं. खामगावच्या एका कॉलेजात मुलाखत हाय."

"मोठेपणा दाखवून राह्यले का?"

"नाही हो. स्वार्थ हाय." त्याचा हसरेपणा कुठंतरी गेला होता, आणि पहिल्यांदाच तो शब्द चाचपडत होता. "ती जागा मध्ये असली तर… तुमी माझा एकही शब्द खरा धरला नसता. मले नोकरी दुसरी भेटन, समता. तुमी दुसऱ्या भेटणार नाही."

गाड्यांची घोषणा, भुईमूगवाल्याची हाक, सगळं एकदम दूर गेलं. समताचे डोळे भरले. पण हात? हात कागदासाठी पुढे झाला. स्वभाव!

तिने पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. कॉलेजचा शिक्का पाहिला, पोच दिल्याची सही पाहिली, आणि मग तारीख. ज्या दिवशी तिने सापळा लावला, त्याच दिवसाची.

ती तिथेच रडली, चारचौघांत, पदराआड न लपता. "मी अशीच हाय. मी शंका घेणारच. रोज घेईन."

"घ्या."

"जून महिन्यात मले बी नाही घेतलं तर?"

"तर दोघं मिळून मुलाखती देऊ."

पिंपळगावची बस फलाटाला लागली. तिने डोळे पुसले, पायरीवर चढली आणि वळून म्हणाली, "रविवारी घरी या. माही आई, कलाबाई, माझ्याहून वरचढ हाय. शिक्का पाह्यल्याबिगर ते कोणाले चहा बी देत नाही."

"आणि पोरगी?"

समताने तो कागद घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

"पोरीनं पाह्यला."